ग्रुप सोडून जाणारं गिऱ्हाईक

प्रश्न : औसा तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. वहीतले सगळे नंबर घालून व्हॉट्सॲप ग्रुप केला. रोज सकाळी ऑफर टाकते, पण कुणी बोलत नाही. उलट माणसं ग्रुप सोडतायत. शेजारचा दुकानदार उधारी देतो, गिऱ्हाईक तिकडं वळतंय. काय करू?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, ती सकाळची ऑफर आधी बंद करा. धारा काढून माणूस फोन हातात घेतो तेव्हा त्याला तणनाशकाची बाटली बघायची नसते. आणि न विचारता ग्रुपात घातलेला माणूस निघून गेला तर त्याचा राग कशाला?

परभणीच्या मोंढ्यात मी बरीच वर्षं बियाणं विकलंय. ज्या सल्ल्यानं दुकानदाराचा आजचा गल्ला कमी होतो, तो सल्ला गिऱ्हाईक विसरत नाही. मे महिन्यात ग्रुपवर घरच्या सोयाबीनची उगवण तपासायला शिकवा. सोयाबीनचं सरळ वाण, म्हणजे संकरित नसलेलं, त्यामुळं दरवर्षी नवी बॅग लागत नाही. १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, वरून पाणी शिंपडत राहायचं आणि आठवडाभरानं कोंब मोजायचे. ७० निघाले तर एकरी ३० किलो बी पुरतं, ६० निघाले तर ३५ धरायचं. हे तुमच्याच दुकानात करा, रोजचा फोटो टाका. लोक आपापले आकडे सांगू लागतील, ग्रुप तिथून बोलता होतो.

मग मृगात सांगा, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण काढू नका. दुबार पेरणी झाली की दुकानदाराची दुसरी बॅग खपते, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. त्यामुळं ‘थांबा’ हा शब्द तुमच्या तोंडून आला की त्याला वजन येतं.

कुणी पिवळ्या पानाचा फोटो टाकला तर लगेच औषधाचं नाव देऊ नका. शेंड्याची पानं पिवळी अन् शिरा हिरव्या आहेत का, रानात पाणी साचलंय का, ते विचारा. तसं असेल तर बहुधा लोह कमी पडलंय. पानावर हिरवे-पिवळे चट्टे अन् मागं पांढरी माशी दिसली तर मोझॅक या विषाणू रोगाची शंका घ्या, ती झाडं उपटायला सांगा. नाही समजलं तर सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारून कळवते म्हणा, आणि खरंच कळवा.

बी उगवलं नाही अशी तक्रार ग्रुपवर आली तर मेसेज पुसू नका. सगळ्यांसमोर सांगा : पावती, पिशवी, टॅग आणि मूठभर बी जपून ठेवा, तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडं अर्ज द्या, अर्ज लिहायला मी मदत करते. कंपनीचा माणूस कुरकुरेल. कुरकुरू द्या.

स्वतःच्या भावाला ‘लई भारी रिझल्ट’ लिहायला लावू नका. गावात कोण कुणाचा भाऊ ते कळतंच.

उधारीत शेजाऱ्याशी बरोबरी करू नका. जी द्याल तिची आठवण फोनवर एकट्याला द्यावी, ग्रुपवर कधीही नाही. ऑफर टाकायचीच असेल तर आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, एकदाच, आणि दरासकट. ‘दरासाठी फोन करा’ लिहिलं की कुणी फोन करत नाही.