आण्णा विसरायलेत, सही आत्ताच घेऊन ठेवू का?

"मॅडम, उद्या आण्णांना सहीच जमली नाही तर? आत्ताच कुलमुखत्यारपत्र करून घेतो."

कुलमुखत्यारपत्र म्हणजे आपल्या सगळ्या व्यवहारांचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. विस्मरणाच्या आजाराची घरं माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा बऱ्याचदा औषधांच्या आधी हाच प्रश्न येतो. हे घर लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आण्णा निवृत्त शिक्षक, वय ७४, नावावर अकरा एकर कोरडवाहू. मोंढ्यात सोयाबीन घातलं आणि आडतीवरून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, न घेताच ते घरी आले, तेव्हा सगळ्यांनी धसका घेतला. डॉक्टरांनी डिमेन्शियाची सुरुवात असल्याचं सांगितलं. मुलगा शेती बघतो, मुलगी मेलबर्नला असते. तिनं भावाला फोनवर सांगितलं, "एन्ड्युरिंग पॉवर ऑफ ॲटर्नी करून घे, माणसाला पुढं कळेनासं झालं तरी ती चालते." मुलानं बॉण्ड पेपर आणूनसुद्धा ठेवला होता.

"आण्णांना काय सांगितलंत?"

तो खाली बघत म्हणाला, "पीकविम्याचा कागद आहे म्हणणार होतो."

त्याच्या मनात खोट नव्हती. वडलांना 'तुम्हाला आता कळेनासं होणार' हे तोंडावर कसं सांगायचं, एवढंच त्याला सुचत नव्हतं. पण अशी सही घेतली असती, तर आण्णांचा उरलासुरला विश्वासही गेला असता, आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप ते कामही झालं नसतं.

कारण बहिणीनं सांगितलं ते तिकडच्या कायद्यापुरतं बरोबर आहे. आपल्याकडे तसं मुखत्यारपत्रच नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की, अधिकार देणारा माणूस वारला किंवा त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही, तर दिलेला अधिकार संपतो. म्हणजे आण्णांना काहीच कळेनासं होईल त्या दिवसासाठी मुलगा जो कागद करायला निघाला होता, तो नेमका त्याच दिवशी निकामी होणार होता. हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग आम्ही करावं तरी काय?"

मी म्हटलं, आधी आण्णांना विचारू.

सकाळी दहाची वेळ ठेवली, कारण सकाळी आण्णांचं डोकं स्वच्छ असे. दिवस कलला की गोंधळ वाढे. आम्ही दोघंच बसलो. मी आजाराचं नाव घेऊन सरळ बोलले. ते शांतपणे म्हणाले, "मला कळतंय बाई. पोरगं बोलंना म्हणून मी बी बोललो न्हाई." भीती कशाची वाटते, असं विचारलं. मला वाटलं होतं जमीन म्हणतील. ते म्हणाले, "हिच्या नावावर काहीच न्हाई. माझ्या चुलत्याच्या कागदावर असाच आंगठा घेतला होता. चुलती शेवटी दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली."

घरच्यांना वर्षभर जे कळलं नव्हतं, ते इथं एका वाक्यात बाहेर आलं. पुढचं सगळं त्यावरच ठरलं.

दुसऱ्या बैठकीला आण्णा, आई, मुलगा आणि फोनवर मुलगी. मी वकील नाही, म्हणून एका वकीलताईंना बोलावलं. डिमेन्शियाचं निदान झालं म्हणजे सहीचा अधिकार गेला, असं नसतं. कागद करताना माणसाला तो समजतो आहे का आणि त्यातलं बरंवाईट तो ठरवू शकतो का, हे महत्त्वाचं. म्हणून त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला घ्यायचं ठरलं. कुलमुखत्यारपत्राऐवजी खास मुखत्यारपत्र केलं: बँक, पीकविमा, वीजबिल, मोंढ्यातली विक्री एवढंच. जमीन विकणं नाही, गहाण ठेवणं नाही. आण्णांनी दोनदा विचारलं, "मी मोडू शकतो ना हे?" हो, शुद्धीत असेपर्यंत कधीही. त्यावर त्यांचा चेहरा सैल झाला.

कळेनासं झाल्यानंतरच्या दिवसांची सोय मात्र वेगळी करावी लागली. पेन्शनचं खातं आईसोबत जोडखातं केलं, दोघांपैकी कुणीही व्यवहार करू शकेल असं. मृत्युपत्र नोंदवलं. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यानुसार, उपचारांबाबत आपला प्रतिनिधी कोण हे साध्या कागदावर लिहून सही करता येतं; आण्णांनी मुलीचं नाव लिहिलं. ती सातासमुद्रापार आहे, रात्री-अपरात्री दवाखान्यात कोण येणार, असा प्रश्न मी काढला. मग त्यांनी स्वतःच ते खोडून मुलाचं नाव घातलं. आणि आईचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजनेतून अर्ज केला. शेतकरी संघटनेच्या चळवळीतून आलेली ही वाट आपल्या भागात अजूनही फार कमी घरांना माहीत आहे, याचं मला वाईट वाटतं.

यातलं काहीच वेळेत झालं नाही तर? मग उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. आपल्यासाठी ते औरंगाबाद खंडपीठ. न्यायालयांनी असे पालक नेमलेले आहेत, पण वकील, वैद्यकीय अहवाल, तारखा, सगळं आलं. आजारी माणूस सांभाळत ते करणाऱ्यांची दमछाक मी पाहिली आहे.

दोन वर्षांनी मुलगा पुन्हा आला. आण्णा आता त्याला आपला धाकटा भाऊ समजतात. त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून ते मुखत्यारपत्र काढलं. "मॅडम, डॉक्टर म्हणले आता त्यांना कळत न्हाई. मग ह्याच्या जोरावर मी सही करणं बरोबर न्हाई ना?"

"नाही."

त्यानं कागद घडी करून परत पिशवीत ठेवला. बाहेर गाडीत आई बसली होती. यंदा सोयाबीन कधी काढायचं हे तिनंच ठरवलं होतं, आणि पट्टीसुद्धा तिच्याच हातात होती.