वाचकांचे प्रश्न : माल्टातली पौषातली झड

प्रश्न : मागच्या पौषात मुलीकडे माल्टाला सहा आठवडे राहून आले. एका रविवारी उजाडल्यापासून लागलेला पाऊस दिवेलागणीपर्यंत थांबला नाही. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. बंदिस्त लाकडी सज्जात बसून आम्ही मायलेकी समोरच्या पिवळसर दगडी भिंती भिजून गडद होताना पाहत होतो. शेजारच्या आजी ‘शिता, शिता’ म्हणत होत्या, आणि गच्चीवरचे पाणी पन्हळीतून अंगणातल्या झाकणाच्या विहिरीत चालले होते. ऐन थंडीत तिथे पाऊस का पडतो, आणि त्या विहिरीचा उपयोग काय?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, तुम्ही पाहिलात तो अवकाळी पाऊस नव्हे, तो माल्टाचा पावसाळाच होय. भूमध्य समुद्रावर उन्हाळ्यात उच्च दाबाचा पट्टा ठाण मांडून बसतो, त्यातली हवा वरून खाली उतरत राहते, त्यामुळे ढग धरत नाहीत आणि बेटावरची जमीन करपून जाते. हिवाळ्यात हा पट्टा दक्षिणेकडे सरकला, की पश्चिमेकडून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांना वाट मोकळी होते, आणि उन्हाळाभर तापलेला समुद्र अजून हवेपेक्षा उबदार असल्यामुळे त्यांना बाष्पही मिळते. वर्षाकाठी ५५० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे इंदूरपेक्षा बराच कमी पाऊस तिथे पडतो आणि त्यातला बहुतेक ऑक्टोबर ते मार्चमध्येच. आजींचा ‘शिता’ हा पावसाचाच शब्द. अरबीत मात्र त्याच कुळातला शब्द हिवाळ्याला लावतात. पावसाळ्याच्या ‘वर्षा’वरून आपण साऱ्या सालाला ‘वर्ष’ म्हणतो, तसेच हे.

ती विहीर म्हणजे टाके, आणि माझ्या मते त्या दिवशी तुमच्या नजरेस पडलेली सर्वांत मोलाची गोष्ट तीच. माल्टाला बारमाही नदी नाही. सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे तेव्हा बेटावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती लढवय्यांच्या संघाने, १५६६ मध्ये व्हॅलेटा हे आजचे राजधानीचे शहर वसवायला घेतले, तेव्हा घरोघरी पावसाच्या पाण्याचे टाके असलेच पाहिजे, असा दंडक घातला. घरासाठी चुनखडीचा दगड जागेवरच काढायचा आणि उरलेल्या खड्ड्याचे टाके करायचे, अशी तिथली जुनी रीत. सह्याद्रीतल्या गडांवरची खडकात खोदलेली टाकी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यातले शहाणपण वेगळे सांगायला नको. पुढे १६१५ मध्ये कमानींवरून बांधलेल्या पाटाने व्हॅलेटात पाणी खेळले. आज निम्म्याहून अधिक पिण्याचे पाणी समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळते. तरीही जुन्या घराचे टाके भरत असेल, तर मुलीला ते जपायला अवश्य सांगा.

आणखी एक गोष्ट, तुम्ही विचारली नसली तरी सांगावीशी वाटते. ज्या पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे, माळव्यात मावठा पडतो, त्यांपैकी पुष्कळ त्याच भूमध्य सागराच्या परिसरात जन्मतात आणि उंचावरील पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडत आपल्याकडे पोचतात. त्यांचा मुख्य भर हिमालयावर आणि पंजाबावर असतो. ग्वाल्हेरला त्यांचा शिडकावा पुष्कळदा मिळतो, इंदूरला अधूनमधून. वाटेत त्यांची ओल कमी-अधिक होते, अरबी समुद्राचे बाष्पही त्यांत मिसळते, म्हणून तोच ढग इथे आला असे म्हणता येणार नाही. पण घराणे एकच. गारा न आणता, ओंब्या धरण्यापूर्वी मावठा आला, तर आपल्या गव्हाची पाण्याची एक पाळी वाचते.