काय वाचायचं ते तू ठरव

प्रिय,

वाचायचं साठत जातं आणि दिवसाअखेर हाती काहीच लागत नाही, यात इच्छाशक्तीचा प्रश्न फार थोडा आहे. तुझ्यापुढे काय यावं हे सध्या कुणाचा तरी अल्गोरिदम ठरवतो. आधी ते बदलू.

एक फीड रीडर निवड, म्हणजे तू निवडलेल्या संकेतस्थळांवरचं नवं लेखन एका जागी आणून दाखवणारं अ‍ॅप. अटी दोनच: तो मोबाइलवर आणि संगणकावर चालावा, आणि स्रोतांची यादी ओपीएमएल फाइलमध्ये (ही यादी एका रीडरमधून दुसऱ्यात नेण्याचा रूढ फाइल-प्रकार) बाहेर काढू देणारा असावा. दुसरी अट सोडू नकोस. गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाला, तेव्हा ज्यांच्याकडे ती फाइल होती त्यांनी ती दुसऱ्या रीडरमध्ये टाकली आणि वाचन चालू ठेवलं.

सुरुवातीला पंधरा-वीस स्रोत पुरेत. संकेतस्थळाचा पत्ता रीडरमध्ये चिकटवला की बहुतेक वेळा फीड, म्हणजे त्या स्थळाच्या नव्या लेखांची रीडरला वाचता येणारी यादी, आपोआप सापडतं. यूट्यूबच्या चॅनेललाही फीड असतं. इथे बहुतेकांचं एकच चुकतं. दिवसाला पन्नास बातम्या देणारं संकेतस्थळ आणि महिन्यातून एकदा लिहिणारा लेखक एकाच यादीत ठेवले जातात. मग लेखक गाडला जातो, न वाचलेल्यांचा आकडा हजारावर जातो आणि रीडर उघडणंच बंद होतं. म्हणून दोन फोल्डर कर: ‘क्वचित येणारे’ आणि ‘रोजचे’. पहिलं आधी वाच. दुसऱ्यातलं रात्री उरलेलं सगळं बिनदिक्कत ‘वाचलं’ करून टाक. बातम्या आणि समाजमाध्यमांच्या सूचना (नोटिफिकेशन) मात्र आजच बंद कर, त्यावर विचार करत बसू नकोस.

‘नंतर वाचू’ म्हणून ठेवलेले दुवे म्हणजे संग्रह नव्हे. पॉकेट ही असे दुवे साठवणारी सेवा ८ जुलै २०२५ रोजी बंद झाली. अशा सेवांमधून बाहेर पडताना बरेचदा फक्त पत्ते आणि शीर्षकं मिळतात, मजकूर नाही. आणि मूळ पान हटलेलं असेल तर पत्त्याचा उपयोग काय? खरोखर मोलाचा लेख सिंगलफाइलसारख्या ब्राउझरच्या एक्स्टेन्शनने (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमने) चित्रांसकट एका एचटीएमएल फाइलमध्ये उतरवून घे. नाव तारखेपासून सुरू कर, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. नाव आटोपशीर ठेव: लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतली प्रत्येक खूण, अगदी मात्रा-वेलांटीसुद्धा, तीन बाइट घेते.

फोटोंचं थोडं वेगळं आहे. गूगल टेकआउटने (गूगलवरचा आपला डेटा उतरवून घेण्याच्या सोयीने) ते उतरवलेस तर सोबत जेसन नावाच्या प्रकारातल्या छोट्या मजकूर-फाइली येतात. त्या कचरा समजून पुसू नकोस. गूगल फोटोजमध्ये तू लिहिलेली वर्णनं आणि दुरुस्त केलेल्या तारखा त्यातच असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत दाबून लहान केलेली असते, तिच्यातला वेळ-ठिकाणाचा तपशीलही गळून पडतो. मूळ फोटो हवा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांग.

आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एकीकडे पुसलेलं दुसरीकडेही पुसलं जातं. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर, असं ठेव. दर तीन महिन्यांनी बॅकअपमधल्या दहा फाइली उघडून पाहा. न उघडणारी फाइल गरजेच्या दिवसाआधी कळलेली बरी.

रीडर लागला की तुझी ओपीएमएल पाठव. कुठले स्रोत गर्दी करताहेत ते पाहून कळवेन.