भरतीच्या वेळा काढणारी लायब्ररी पायपीआयवर नोंदवताना

तिथीवरून भरती-ओहोटीच्या वेळा काढणारी आपली पायथन लायब्ररी पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक ऑनलाइन भांडारात) नोंदवायला किती वेळ लागेल, असे तुम्ही मालवणहून विचारले आहे. खाते उघडणे, २०२४च्या आरंभापासून सर्वांना सक्तीची झालेली दुहेरी पडताळणी सुरू करणे आणि फाइल चढवणे हे फार तर तासाभराचे काम आहे. वेळ द्यायचा तो त्याआधी.

रेपॉझिटरी (कोड ठेवण्याची ऑनलाइन जागा) सर्वांना दिसते एवढ्याने ती मुक्तस्रोत, म्हणजे कोणीही वापरावी व बदलावी अशी, होत नाही. परवान्याची फाइल नसेल तर सर्व हक्क तुमच्याकडेच राहतात आणि तो कोड वापरणारा अडचणीत येऊ शकतो. एमआयटी हा छोटा, मोकळीक देणारा परवाना तुम्हाला पुरेसा आहे. मात्र बंदरनिहाय वेळांचे जे तक्ते तुम्ही सोबत जोडले आहेत, ते भारतीय सर्वेक्षण विभागाच्या वार्षिक कोष्टकांतून उतरवले असतील, तर ते स्वतःच्या परवान्याखाली वाटण्याचा अधिकार तुम्हाला नाही. परवानगी नसेल तर ते काढावेत. तिथीची पाऊणपट करण्याच्या किनाऱ्यावरच्या आडाख्यावर मात्र कोणाचीच मालकी नाही.

तो आडाखाच आहे, हे वर्णनात पहिल्याच परिच्छेदात लिहा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, म्हणजे भरती रोज ४५ मिनिटे पुढे सरकते असे हे गणित धरते. प्रत्यक्षात ही सरासरी ५० मिनिटांच्या आसपास असते, उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांच्या दिवसांत ती बदलते, शिवाय प्रत्येक बंदराची वेळही थोडी वेगळी. होडी बाहेर काढणाऱ्याने यावर विसंबू नये, हे वाक्य माझ्या मते परवान्याइतकेच आवश्यक आहे.

लायब्ररीचे नाव रोमन लिपीतच द्यावे लागते, आणि जोडरेघ, अधोरेषा, टिंब किंवा लहान-मोठी अक्षरे यांनी ते वेगळे ठरत नाही. एकदा चढवलेल्या फाइलचे नाव, ती पुसली तरी, पुन्हा वापरता येत नाही. म्हणून आधी टेस्टपायपीआय या सरावाच्या वेगळ्या भांडारावर चाचणी घ्या. सदोष आवृत्ती पुसण्याऐवजी यँक करावी (मागे घेतल्याची खूण करावी), म्हणजे नव्या वापरकर्त्याला ती सहसा मिळत नाही, पण नेमकी तीच मागणाऱ्यांचे काम अडत नाही. २०१६ साली एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारावरून लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचे पॅकेज अचानक काढले गेले, तेव्हा हजारो प्रकल्पांचे बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करण्याचे काम) कोलमडले होते.

तक्ते काढल्यावर जुने बिल्ड फोल्डरही पुसा, नाहीतर ते तक्ते नव्या व्हीलमध्ये (चढवायच्या पॅकेज-फाइलमध्ये) पुन्हा शिरू शकतात. व्हील ही साधी झिप फाइल असते. चढवण्यापूर्वी ती उघडून आतील यादी एकदा वाचावी.