कमी मिळकत आणि प्राप्तिकर : वाचकांचे प्रश्न

कमी उत्पन्न असणाऱ्यांनी प्राप्तिकर भरावा की नाही, या विषयावर पुणे आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. प्राप्तिकराचे दर आणि मर्यादा आर्थिक वर्ष २०२५-२६च्या तरतुदींनुसार आहेत.

प्रश्न : माझ्या पगारातून दरमहा टीडीएस (पैसे हातात येण्याआधीच कापला जाणारा प्राप्तिकर) कापला जातो. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी चार घरची कामे करून महिन्याला बावीस हजार मिळवतात आणि एक पैसाही कर भरत नाहीत. हे न्याय्य आहे का? (सहकारनगर)

उत्तर : मावशी प्राप्तिकर भरत नाहीत हे खरे, त्या कर भरत नाहीत हे मात्र खरे नाही. त्यांनी मोबाइलला २९९ रुपयांचे रिचार्ज केले, तर १८ टक्के जीएसटीपोटी त्यातले सुमारे ४६ रुपये सरकारकडे जातात आणि तेवढेच रिचार्ज आपण केलेत, तर आपलेही तेवढेच जातात. घरगुती गॅसवर ५ टक्के, साबण, केसांचे तेल आणि टूथपेस्टवर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ आणि आता ५ टक्के, मुलाच्या दुचाकीतल्या पेट्रोलवर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट असा हा कर दिवसभर चालूच असतो. मंडईतली ताजी भाजी आणि सुटे धान्य यांवर जीएसटी नाही, हा मोठा दिलासा आहे. पण कमी मिळकतीच्या घरात आलेला जवळजवळ प्रत्येक रुपया महिनाअखेरपर्यंत खर्च होतो, आणि खर्चावरचा कर चुकवता येत नाही. आपल्या पगाराचा काही भाग भविष्य निर्वाह निधीत किंवा म्युच्युअल फंडात जातो आणि तेवढ्या भागावर खर्चाचा कर लागत नाही. म्हणून मिळकतीच्या प्रमाणात पाहिले, तर अप्रत्यक्ष कराचा बोजा त्यांच्यावर अधिक पडतो. त्यांच्यावर प्राप्तिकरही लावणे मला न्याय्य वाटत नाही.

प्रश्न : मी भोसरीत कंत्राटी कामगार आहे. पगार अठरा हजार. पगारपत्रकात दर महिन्याला २०० रुपये ‘पी.टी.’ म्हणून कापलेले असतात. कमी पगारावर प्राप्तिकर नसतो ना, मग हे काय? (भोसरी)

उत्तर : हा प्राप्तिकर नव्हे, राज्य सरकारचा व्यवसाय कर (प्रोफेशनल टॅक्स) आहे. महाराष्ट्रात पुरुष कर्मचाऱ्याचा मासिक पगार १०,००० रुपयांच्या वर गेला की दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात; ७,५०० ते १०,००० या टप्प्यात दरमहा १७५ रुपये. महिला कर्मचाऱ्यांना एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर तो माफ आहे. आपली कपात कायदेशीर आहे, त्यामुळे ठेकेदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही.

तथापि, कमी मिळकतीवर कर असावा का, हा प्रश्न खरे तर येथेच विचारला पाहिजे. राज्यघटनेच्या २७६व्या अनुच्छेदाने या करावर वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. १९८८च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २५० वरून वाढवण्यात आली आणि तेव्हापासून बदललेली नाही. त्यामुळे हिंजवडीत महिना पाच लाख घेणारा व्यवस्थापकही २,५०० रुपयेच भरतो आणि आपणही २,५००च भरता. आपल्या वार्षिक २ लाख १६ हजारांच्या मानाने ही रक्कम १ टक्क्याहून अधिक होते, तर त्याच्या साठ लाखांच्या मानाने ०.०४ टक्के. प्राप्तिकराच्या मर्यादेवर दर अर्थसंकल्पात रणे माजतात, वृत्तपत्रांची पाने भरतात. पण जो कर अठरा हजारांच्या पगारातून खरोखर कापला जातो, त्याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. या कराचा जन्म १९७५च्या कायद्यातून, रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याकरिता झाला, म्हणजे शहरातल्या पगारदाराने दुष्काळी भागातल्या मजुरासाठी चार पैसे द्यावेत ही भावना त्यामागे होती आणि ती चांगलीच होती. आता त्यात आपल्यासारखा पगारदारही पूर्ण दराने भरडला जातो. महिलांसाठी असलेली २५,००० रुपयांची सूट पुरुषांनाही लागू करावी, असे माझे स्पष्ट मत आहे आणि हे राज्य सरकारच्या हातात आहे.

प्रश्न : प्रत्येक नागरिकाने वर्षाला निदान शंभर रुपये प्राप्तिकर भरावा, म्हणजे देशाबद्दल आपलेपणा वाटेल, असे मला वाटते. (सेवानिवृत्त, चिंचवड)

उत्तर : आपली भावना समजते; हिशेब जमत नाही. २०२२-२३ मध्ये विवरणपत्र भरणाऱ्या सुमारे ७.४० कोटी लोकांपैकी ५.१६ कोटींचा कर शून्य होता, असे सरकारने संसदेत सांगितले होते. त्यांच्यापलीकडे असलेल्या कोट्यवधी लोकांची नोंदणी, छाननी, नोटिसा आणि परतावे शंभर रुपयांसाठी करायचे म्हटले, तर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला व्हायचा.

हा प्रयोग पूर्वी झालाही आहे. १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी भारतात प्राप्तिकर आणला, तेव्हा वार्षिक २०० ते ५०० रुपयांच्या उत्पन्नावरही २ टक्के कर होता. १८६२ मध्येच ती पायरी काढून टाकावी लागली. पुढे १९०२च्या अर्थसंकल्पावर बोलताना पुण्याच्या नामदार गोखल्यांनी मिठावरचा कर उतरवण्याची आणि प्राप्तिकराची सूटमर्यादा वाढवण्याची मागणी एकाच भाषणात केली. १९०३ मध्ये मर्यादा ५०० वरून १,००० रुपये झाली आणि मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला. मीठ आणि मिळकत या दोन्हींवरचे कर एकत्र पाहण्याची ती पद्धत आजही मला बरोबर वाटते.

प्रश्न : बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणतात. माझे करपात्र उत्पन्न बारा लाख दहा हजार आहे. दहा हजारांसाठी साठ हजारांचा भुर्दंड? शिवाय पुण्यातल्या खर्चात बारा लाख म्हणजे कमीच उत्पन्न नव्हे काय? (बाणेर)

उत्तर : भुर्दंड बसत नाही. नव्या करप्रणालीत आपला कर ६१,५०० रुपये येतो. परंतु बारा लाखांच्या किंचित वर असणाऱ्यांसाठी सीमांत सवलत आहे आणि तिच्यामुळे बारा लाखांवरच्या रकमेपेक्षा, म्हणजे १०,००० रुपयांपेक्षा, अधिक कर घेतला जात नाही. त्यावर ४ टक्के उपकर धरून १०,४०० रुपये भरावे लागतील. पगारदार असाल, तर ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आधी घेतली आहे ना, हे एकदा तपासा. कदाचित काहीच भरावे लागणार नाही. शेअर विक्रीच्या नफ्यावरील विशेष दराच्या कराला मात्र ही बारा लाखांची सवलत लागू नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर मी सहमत नाही. बाणेरमधला घराचा हप्ता आणि शाळेची फी मला ठाऊक आहे. तरीही महिना लाखभर रुपये ही कमी मिळकत नव्हे. ही मर्यादा २०२५च्या अर्थसंकल्पात सात लाखांवरून बारावर गेली, तेव्हा प्रत्यक्ष करातले सुमारे एक लाख कोटी रुपये सोडले गेले. त्यातला एक रुपयाही सहकारनगरच्या मावशींना किंवा भोसरीच्या कामगाराला मिळाला नाही, कारण त्यांना प्राप्तिकर आधीही नव्हता. प्राप्तिकर देणारे जेवढे कमी होतील, तेवढी सरकारची भिस्त दुकानातल्या करावर वाढते.

प्रश्न : मी घरून डिझाइनची कामे करते. वर्षाचे उत्पन्न ३ लाख ६० हजार. कंपनीने १० टक्के टीडीएस कापला. कर लागू नसेल, तर विवरणपत्र भरावे का? (कोथरूड)

उत्तर : अवश्य भरावे. नव्या प्रणालीत पहिल्या चार लाखांवर कराचा दरच शून्य आहे, म्हणून कापलेले ३६,००० रुपये पूर्ण परत मिळतील. पण विवरणपत्राशिवाय ते मिळणार नाहीत. शिवाय वर्षभरात २५,००० किंवा त्याहून अधिक टीडीएस कापला गेला असेल, तर उत्पन्न मर्यादेखाली असूनही विवरणपत्र बंधनकारक असते. कंपनीने आपल्या पॅनवर रक्कम जमा दाखवली आहे की नाही, हे २६एएस या प्राप्तिकर खात्याच्या करजमा विवरणात आधी पाहून घ्या, बँक खाते त्या खात्याच्या पोर्टलवर प्रमाणित करा आणि विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांच्या आत त्याची ई-पडताळणी करा.