पिक्चर बघताना सारखे कट दिसतात, काय करू?

प्रश्न : ताई नमस्कार, मी लातूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीच्या सुट्टीत 'फँड्री' बघितला आणि तेव्हापासून पिक्चर बघून झाला की वहीत लिहायची सवय लागली, म्हणजे स्टोरी नाही लिहीत, काय भिडलं, कुठे बोअर झालं, कॅमेरा कुठे ठेवला असेल असलं सगळं. पण आता प्रॉब्लेम असा झालाय की पिक्चर चालू असतानाच कट दिसतात, इथे शॉट बदलला, इथे रडवायला म्युझिक टाकलं, आणि मग गुंतताच येत नाही. मित्र म्हणतात तुझ्यासोबत पिक्चर बघणं म्हणजे डोक्याला ताप. मला स्वतःची शॉर्ट फिल्म करायचीय पण हातात फक्त फोन आहे. चांगला कॅमेरा घेईपर्यंत थांबू का? आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला (एफटीआयआय) गेल्याशिवाय यातलं काही जमत नाही का? घरी अजून कोणाला बोललो नाहीये.

उत्तर : अरे, तुझं पत्र वाचून खरंच छान वाटलं. वही चालू ठेव, कोणी काहीही म्हणो. कट दिसायला लागले म्हणजे डोळा तयार होतोय, आणि हा मधला काळ त्रासाचा असतोच, कारण काय केलंय ते दिसतं पण का केलंय ते अजून कळत नाही. ते कळायला लागलं ना की परत गुंतायला होतं, आणि आधीपेक्षा जास्त.

एक साधं कर. पहिल्यांदा बघताना वही लांब ठेव, काही लिहायचं नाही, रडू आलं तर रडायचं. मग त्यातला एकच सीन घे, दोन-तीन मिनिटांचा, आणि तो तीनदा बघ, एकदा नेहमीसारखा, एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून नुसता ऐक. 'फँड्री'मधलाच घे की, डुकराच्या मागे सगळं घर धावतंय, डुक्कर हाताशी आलंय आणि शेजारच्या शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या, म्हणजे पिक्चरमधला तो शाळकरी मुलगा, थबकतो, घरचे थबकतात, आणि डुक्कर समोरून निघून जातं. आता आवाज बंद करून बघ, नुसती माणसं उभी दिसतील आणि ती का थांबलीत हेच कळणार नाही. त्या सीनचं सगळं ओझं आवाजाने उचललंय, एक शब्द कोणी बोलत नाही तरी दिग्दर्शक नागराज मंजुळेंना जे सांगायचंय ते आपल्यापर्यंत पोचतं. असं काही सापडलं की ते वहीत लिही, 'मस्त सीन' एवढंच लिहून सोडू नको.

आणि तू कट मोजतोस ना, मग चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' बघच. 2014 चा आहे, व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात बक्षीस मिळालं, नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. शेवटाकडे उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी कोर्ट बंद होतं, माणसं बाहेर पडतात, एकेक दिवा बंद होतो, आणि कॅमेरा जागचा हलत नाही, अंधार होईपर्यंत तसाच. आपल्याला वाटतं संपला पिक्चर, पण अजून बाकी असतो. मोजायला कटच नाही तिथे! मग स्वतःला विचार की आपण असतो तर कुठे कापला असता, आणि कापला असता तर काय गेलं असतं. मला विचारशील तर त्या रिकाम्या खोलीत बसायला लागतं म्हणूनच पुढे जे येतं ते जास्त लागतं.

आता कॅमेऱ्याचं. थांबू नकोस, अजिबात थांबू नकोस. दादासाहेब फाळके चाळिशीत होते तेव्हा त्यांना सिनेमाने झपाटलं, छोटा कॅमेरा आणि रिळं आणली, रात्री घरात मेणबत्ती आणि भिंग लावून भिंतीवर चित्रं पाडत बसायचे, रोज चार-पाच तास पिक्चर बघायचे, इतके की डोळ्यांवर परिणाम झाला आणि उपचार घ्यावे लागले (हे मात्र करू नकोस, झोप नीट घे). 1912 मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणला तरी पैसे लावायला कोणी तयार नव्हतं. मग त्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि कोंब फुटून वेल वर चढेपर्यंत महिनाभर थोडं थोडं शूट करत राहिले. मिनिटभराची फिल्म झाली, 'अंकुराची वाढ'. ती बघून लोक पैसे द्यायला तयार झाले आणि 1913 च्या मे महिन्यात गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यांच्या बायकोने, सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मच्या पट्टीच्या कडेला भोकं पाडण्यापासून सगळ्या युनिटच्या जेवणापर्यंत कामं केली, त्यांचं नाव आपण फार कमी घेतो हे मला नेहमी खटकतं. सांगायचं काय, तर कुंडी, वाटाणे आणि चिकाटी एवढ्यावर ती पहिली फिल्म उभी राहिली. तुझ्या खिशातला फोन त्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी गोष्टी करतो.

मात्र फोनवर शूट करताना आवाजाकडे लक्ष दे. विद्यार्थ्यांच्या शॉर्ट फिल्म मी खूप बघते, चित्र बऱ्यापैकी असतं आणि डायलॉग पंख्याच्या घरघरीत बुडालेला असतो, तिथे प्रेक्षक सुटतो. दुसरा फोन मित्राकडून घे, त्यावर व्हॉइस रेकॉर्डर चालू करून बोलणाऱ्याच्या खिशात नाहीतर फ्रेमबाहेर जवळच ठेव, सुरुवातीला एक टाळी वाजव म्हणजे एडिटला चित्र आणि आवाज जुळवता येतो. पंखा बंद. शूट संपलं की सगळ्यांना गप्प करून त्या खोलीचा नुसता आवाज अर्धा-एक मिनिट रेकॉर्ड कर, दोन कटच्या मधली खाच बुजवायला तोच लागतो. आणि फोकस आणि एक्स्पोजर (म्हणजे चित्र किती उजळ दिसणार ते) लॉक कर, नाहीतर माणूस जरा हलला की फ्रेम उजळते-काळवंडते. पहिली फिल्म तीन मिनिटांच्या वर नको, दोन माणसं, एक जागा. विषय तुझ्या रोजच्या बघण्यातला घे, मेसमधला, एसटी स्टँडवरचा, शिकवणीच्या रांगेतला, लातूरला विषयांची काय कमी आहे!

इन्स्टिट्यूटचं म्हणशील तर तिथे जायची इच्छा असेल तर जरूर जा, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात 1960 पासून चालू आहे, बहुतेक कोर्सना कुठल्याही शाखेची पदवी चालते, म्हणजे बीएस्सी आधी पूर्ण कर, ती वाया जात नाही. तिथे मशीन मिळतात, दिवसरात्र पिक्चर बघायला मिळतात आणि तुझ्यासारखीच वेडी माणसं भेटतात, ही तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. पण त्याशिवाय जमतच नाही असं नाही, मंजुळे त्या इन्स्टिट्यूटमधून आलेले नाहीत, त्यांच्या 'पिस्तुल्या' या शॉर्ट फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 'फँड्री' त्याच्यानंतरचा. तोवर कॉलेजात चार पोरं जमवून महिन्यातून एक पिक्चर बघा आणि नंतर तासभर भांडा, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास पुण्यात पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो तेव्हा जमलं तर दोन-तीन दिवस जाऊन ये.

घरी मात्र आधी फिल्म करून मग बोल. 'मला डायरेक्टर व्हायचंय' एवढं ऐकून आईबाबा घाबरणारच, त्यात त्यांची चूक नाही. तीन मिनिटांची पूर्ण झालेली फिल्म टीव्हीला जोडून दाखव, आईला एखादा छोटा रोल दिलास तर अजून बरं. झाली की मला पाठव, मी बघेन आणि काय वाटलं ते सविस्तर लिहून कळवेन.