बिंदल्या हरवल्या आणि आळ आईवर आला

प्रश्न : आम्ही अंबाजोगाई तालुक्यातले. माझी आई गेली तीन वर्षे पुण्यात बाळ सांभाळण्याचे चोवीस तासांचे काम करते. आताचे काम तिला घरकामाला बायका पुरवणाऱ्या सेंटरमार्फत मिळाले होते, पगार महिना 19,000 रुपये, बाळ दीड वर्षाचे. मागच्या महिन्यात त्या घरी पाहुणे येऊन गेले आणि दोन दिवसांनी बाळाच्या बारशातल्या सोन्याच्या बिंदल्या (मनगटातली कडी) सापडेनाशा झाल्या. तेल लावताना आई त्या काढून देवघराजवळच्या वाटीत ठेवत असे आणि अंघोळ झाली की मॅडम त्या उचलून कपाटात ठेवत. संध्याकाळी पाच वाजता आईचा मोबाईल काढून घेतला, तिची पिशवी हॉलमध्ये फरशीवर उपडी केली आणि आजींनी व शेजारच्या बाईंनी तिला बाथरूममध्ये नेऊन अंगझडती घेतली. पिशवीत बिंदल्या निघाल्या नाहीत. बाळाला लहान झालेली दोन झबली आणि एक टोपडे निघाले, जे मॅडमनीच माझ्या भाच्यासाठी दिले होते. तरी 'ही बघा चोरी' असे म्हणून रात्रभर तिला घराबाहेर पडू दिले नाही. सकाळी 'बिंदल्या मी घेतल्या, पगारातून वळत्या कराव्यात' असे लिहिलेल्या कागदावर तिची सही घेऊन अकरा वाजता बाहेर काढले. बावीस दिवसांचा पगार राहिला आहे, आधार कार्ड सेंटरकडे आहे. आता पोलीस चौकीतून फोन येतो की चौकशीला या. आई म्हणते, मी पुण्याला जाणारच नाही. तिने सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला असे होते का? तिला अटक होईल का?

उत्तर : तुमच्या आईने पुण्याला जाणार नाही असे म्हणणे मला पूर्ण समजते, तरीही माझा पहिला सल्ला असा की तिने जावे, मात्र एकटीने आणि नुसत्या फोनवर विसंबून जाऊ नये. गावी निघून गेलेली बाई 'फरार' या एका शब्दात बसवली जाते, आणि एकदा तो शब्द कागदावर आला की तिच्या बाजूची साधी, खरी गोष्ट ऐकून घेणारा माणूस मिळणे अवघड होते.

आधी त्या कागदाविषयी, कारण तुमच्या घरात सर्वांत जास्त भीती त्याचीच बसलेली दिसते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे तत्त्व भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. तुमच्या आईची सही पोलिसांपुढे नव्हे, घरात घेतली गेली, त्यामुळे तो कागद आपोआप बाद ठरत नाही, हे तुम्हाला स्पष्ट सांगायला हवे. परंतु घरात, खाजगी माणसांपुढे दिलेल्या कबुलीकडे न्यायालये कमकुवत पुरावा म्हणून पाहतात, तिला दुसऱ्या पुराव्याचा आधार मागतात, आणि ती धाकाने किंवा आमिषाने घेतलेली असल्याचा बचाव कलम 22 च्या आधारे घेता येतो. जिचा मोबाईल काढून घेतला आहे, जिला रात्रभर बाहेर पडू दिलेले नाही, अशा बाईने सकाळी केलेली सही स्वखुशीची होती असे म्हणणे फिर्यादी पक्षाला सोपे जाणार नाही. म्हणून आज, शक्य तर हे उत्तर वाचून झाल्याबरोबर, आईला शेजारी बसवून त्या अठरा तासांत काय काय घडले ते तिच्या शब्दांत लिहून काढा: मोबाईल किती वाजता घेतला, कोणी घेतला, दाराला आतून कुलूप होते की गेटवरच्या सुरक्षारक्षकाला सांगून ठेवले होते, जेवायला दिले का, कागदावरचा मजकूर कोणी लिहिला, सही करताना समोर कोण कोण होते. आज तिला जे नेमके आठवते ते सहा महिन्यांनी आठवणार नाही.

आता अटकेविषयी. चौकीत फोन करून एवढेच विचारा की गुन्हा नोंदवला आहे की नुसता तक्रार अर्ज आला आहे, कारण या दोहोंत मोठा फरक आहे आणि अनेकदा केवळ अर्जावरच माणसाला चौकीच्या फेऱ्या मारायला लावले जाते. गुन्हा नोंदवला असेल तर त्याचा क्रमांक घ्या. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरणे हा कलम 306 खालचा गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हा आकडा ऐकून घाबरायला होते, पण नेमका हाच आकडा तुमच्या आईच्या उपयोगाचा आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलिसांनी उठसूट अटक करू नये, अटक गरजेची नसेल तेथे आधी लेखी नोटीस देऊन चौकशीला बोलवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले, आणि आता ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या) कलम 35 मध्ये आहे. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असेही त्याच न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केले. नोटीस मिळाल्यावर ठरल्या दिवशी हजर राहिलेल्या माणसाला, अटक का हवी याची कारणे लेखी नोंदवल्याशिवाय, त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही. उलट नोटीस मिळूनही न जाणाऱ्याला अटक होऊ शकते. मी सुरुवातीलाच जावे असे म्हटले, ते यासाठी.

चौकीत जाताना वकील बरोबर असावा. त्यासाठी पैसे नाहीत ही अडचण समजू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. अंबाजोगाईच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या, किंवा पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. 15100 या क्रमांकावर फोन केला तरी मार्ग दाखवला जातो. अटकपूर्व जामिनाचा अर्ज करायचा की नाही हे त्या वकिलाला कागद पाहून ठरवू द्या. आईला काही गोष्टी मात्र तोंडपाठ असू द्या: अटक झालीच तर चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही, अपवादात्मक कारण असल्यास महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते, तिला केवळ साक्षीदार म्हणून विचारायचे असेल तर पोलिसांनी तिच्या राहत्या घरी यावे लागते, आणि तपासात पोलीस लिहून घेतात त्या जबाबावर सही करावी लागत नाही. एक सही तिच्याकडून आधीच घेतली गेली आहे, दुसरी होऊ नये.

झबल्यांचा मुद्दा क्षुल्लक मानू नका, कारण बिंदल्या सापडलेल्या नसताना तक्रारीला हाताशी धरायला तेवढेच आहे. मालकाच्या संमतीविना, लबाडीच्या हेतूने वस्तू हलवणे म्हणजे चोरी. दिलेली वस्तू घेणे ही चोरी नव्हे. मॅडमनी ती कधी दिली, त्या वेळी कोणी ऐकले, तुमच्या बहिणीच्या मुलाला ती घातल्याचा एखादा फोटो तारखेसह मोबाईलमध्ये आहे का, हे शोधा. मला या ठिकाणी सिंगापूरमधील एका खटल्याची आठवण येते. तेथे नऊ वर्षे एका श्रीमंत कुटुंबात काम केलेल्या इंडोनेशियन बाईवर, तिला कामावरून काढल्यानंतर, सुमारे 34,000 सिंगापूर डॉलरच्या वस्तू चोरल्याचा आरोप ठेवला गेला. त्यांत जुने कपडे, नीट न चालणारा डीव्हीडी प्लेअर अशा वस्तू होत्या. त्यांतल्या काही आपल्याला दिल्या होत्या आणि काही टाकून दिलेल्या आपण उचलल्या, असे ती सांगत राहिली. खालच्या न्यायालयाने 2019 मध्ये तिला 26 महिन्यांची कैद सुनावली. सप्टेंबर 2020 मध्ये उच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडले. तक्रारीनंतर पोलीस त्या घरी पाच आठवड्यांनी पोहोचले होते आणि मधल्या काळात त्या वस्तू कोणाच्या हाती, कशा अवस्थेत होत्या याची खात्री देता येत नव्हती, हे न्यायाधीशांनी विशेष नोंदवले. कुटुंबाचा हेतूही त्यांना शुद्ध वाटला नाही, कारण घरच्या मुलाच्या घरी आणि कार्यालयात नियमबाह्य काम करून घेतल्याची तक्रार ती सरकारकडे करील अशी त्यांना धास्ती होती. तो देश वेगळा, कायदा वेगळा. पण 'ही पिशवी तेव्हा कोणी उघडली आणि आज ती कोणाकडे आहे' हा प्रश्न तुमच्या वकिलानेही पहिल्याच दिवशी विचारायला हवा.

तसेच पाहुण्यांचा. त्या दोन दिवसांत घरात किती माणसे राहून गेली, धुणेभांड्याची बाई, स्वयंपाकाच्या मावशी, बाळाला मालिश करणारी बाई कोण कोण येत होते, बिंदल्या शेवटच्या कोणी आणि कधी पाहिल्या, हे सर्व तपासाचे भाग आहेत. मी दुसऱ्या कोणा गरीब बाईकडे बोट दाखवायला सांगत नाही, आणि आईनेही ते करू नये. तिने एवढेच म्हणावे की वाटी सर्वांच्या हाताशी होती. सोसायटीच्या गेटवरील कॅमेऱ्यांचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवावे असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याला आणि सोसायटीच्या चिटणीसांना लगेच द्या व पोच घ्या.

त्या रात्री आईच्या बाबतीत जे झाले, तोही गुन्हा आहे. माणसाला डांबून ठेवणे, आणि तेही कबुली काढण्यासाठी, याला न्याय संहितेच्या कलम 127 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अंगझडतीचे तर मला फार वाईट वाटले. पोलिसांनासुद्धा स्त्रीची झडती फक्त स्त्रीकडून आणि तिची अब्रू सांभाळूनच घेता येते. घरमालकिणीला किंवा शेजारणीला तो अधिकार कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. काही वकील सांगतील की हा मुद्दा हाती ठेवा, तडजोडीच्या वेळी काढा. मला ते पटत नाही. जे घडले ते आज लेखी अर्जात वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना कळवा, स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. उशिरा निघालेली तक्रार सूडाची वाटते, आणि तुमच्या आईची तक्रार सूडाची नाही.

बावीस दिवसांचा पगार हा केलेल्या कामाचा पैसा आहे, तो संशयावरून वळता करता येत नाही. मालकांना आणि सेंटरला लेखी मागणी करा. आधार कार्ड अडकवून ठेवण्याचा सेंटरला काहीही अधिकार नाही. मात्र घरकामगारांसाठी देशात आजवर स्वतंत्र कायदा झालेला नाही (जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला त्यासाठी समिती नेमण्यास सांगितले), आणि महाराष्ट्राचा 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा प्रामुख्याने नोंदणी व कल्याण योजनांचा आहे, त्यामुळे पगाराची वसुली चिकाटीनेच करावी लागेल. वयाच्या साठ वर्षांपर्यंत त्या मंडळात नोंदणी होते. आईची झालेली नसेल तर करून घ्या.

प्रश्न : आम्ही ठाण्यात राहतो. बाळाला सांभाळणाऱ्या मावशींवर साखळी चोरल्याचा संशय घेऊन आम्ही त्यांना काढले, पोलिसांत अर्ज दिला आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात त्यांचा फोटो टाकून इतरांना सावध केले. काल गादीची खोळ धुवायला काढली तर साखळी आत सापडली. आता काय करावे?

उत्तर : तुम्ही हे लिहून विचारलेत, याचे मला समाधान आहे. आजच पोलीस ठाण्यात जाऊन साखळी सापडल्याचे लेखी द्या, कोठे आणि केव्हा सापडली ते नमूद करा आणि पोच घ्या. गुन्हा नोंदवला गेला असेल तर तपास अधिकाऱ्यांना पुरवणी जबाब द्या, म्हणजे त्यांना प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयात पाठवता येईल. हे कळूनही गप्प राहिलात तर चूक चूक राहणार नाही; निर्दोष माणसावर जाणूनबुजून खोटा आरोप चालू ठेवल्याचे उत्तर तुम्हाला द्यावे लागेल, आणि फोटोसह पसरवलेला तो मजकूर न्याय संहितेच्या कलम 356 खाली अब्रुनुकसानीचा विषय होऊ शकतो.

मावशींना फोन करून बोलावून घेऊ नका, तुम्ही त्यांच्या घरी जा. राहिलेला पगार, आणि तुमच्यामुळे काम नसलेल्या दिवसांचाही पगार, सोबत न्या. त्या परत कामावर येतील अशी अपेक्षा धरू नका. बाळ त्यांना विचारते हे सांगायचा मोह होईल, पण पहिल्या भेटीत ते बोलू नका. फोटोचा संदेश नुसता पुसून टाकणे पुरेसे नाही. ज्या गटात तो गेला त्याच गटात, त्यांचे नाव घेऊन, साखळी आमच्याच घरात सापडली आणि आमचा आरोप चुकीचा होता, असे स्पष्ट लिहा. सेंटरलाही तेच लेखी कळवा, कारण त्यांच्या वहीत त्या बाईंच्या नावापुढे जो शेरा पडला असेल तो काढायला तुमचा कागद लागणार आहे.